धबधब्याखालचे झाड

आमच्या वर्ध्याला कोणी पाहुणा आला आणि “इथे पाहण्यासारखं काय आहे हो?” असे त्याने विचारले, की आम्हा वर्धेकरांचे उत्तर तोंडपाठ असते. सकाळी सेवाग्राम, दुपारी पवनार, आणि संध्याकाळी गाडीत बसताना हातात गोरसपाकाचा डबा. पाहुणा खूष होतो, आम्हीही सुटतो. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला डोंगर आहेत, त्या डोंगरांत रान आहे आणि पावसाळ्यात त्या रानात पाणी कोसळते, ही गोष्ट आम्ही पाहुण्याला सांगत नाही. कारण ती आम्हांलाच धड ठाऊक नसते.

माझे अज्ञान तर इतरांहून अधिक लाजिरवाणे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. गेली वीस-एकवीस वर्षे दर पावसाळ्यात पहिल्या वर्षाच्या वर्गापुढे उभा राहून मी निसर्गकवितेवर बोलत आलो आहे. निर्झर, वनश्री, पर्णराजी हे शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज बाहेर पडतात की ऐकणाऱ्याला वाटावे, हा मनुष्य सुट्टीचा दिवस रानातच घालवीत असला पाहिजे. एकदा मागच्या बाकावरच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने खिडकीबाहेर बोट दाखवून विचारले, “सर, हे झाड कोणतं?” मी म्हटले, “तो विषय पुढच्या तासाला घेऊ.” तास संपल्यावर गुपचूप शिपायाला विचारले. “करंज जी,” तो म्हणाला. त्या करंजाच्या सावलीत मी रोज माझी स्कूटर उभी करीत होतो.

तर अशा या प्राध्यापकाला झाड पाहायला शिकवले ते त्याच्या थोरल्या बहिणीने. आणि तेही प्रथम वर्ध्यात नव्हे, सातासमुद्रापार.

ताई पंचवीस वर्षांहून अधिक काळ कॅलिफोर्नियात आहे. सॅन होजे गावी तिचे घर. २०२२ च्या उन्हाळी सुट्टीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने मला समुद्रकिनाऱ्याच्या कडेने बिग सर नावाच्या डोंगराळ मुलुखात नेले. तिथे फायफर फॉल्स म्हणून साठएक फुटांचा धबधबा आहे. वाट लहान, आपल्याकडे जेवणानंतर शतपावली करावी तिच्यापेक्षा थोडी जास्त, एवढेच. ही वाट २००८ सालच्या वणव्यात जळून गेली होती. ती नीट करून पुन्हा खुली करायला २०२१ साल उजाडले. मैलभराच्या पाऊलवाटेसाठी तेरा वर्षे थांबणारे लोक पाहून मला आमच्या नगरपालिकेची आठवण झाली, पण तो विषय वेगळा.

त्या वाटेवर रेडवुडची झाडे आहेत. ‘झाड’ हा शब्द त्यांना तोकडा पडतो. या जातीतले सर्वांत उंच म्हणून २००६ साली जे झाड सापडले, ते सुमारे ३८० फूट भरले. म्हणजे दिल्लीचा कुतुबमिनार घेऊन त्याच्यावर आणखी अर्ध्याहून अधिक कुतुबमिनार ठेवावा. यांतली काही झाडे दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. आपल्याकडे सातवाहन राज्य करीत होते, तेव्हा तिकडे ही रोपे मूळ धरत होती. पावसाचा महिना नसतो तेव्हा ती समुद्रावरून येणारे धुके पितात. धुक्याचे पाणी सुयांसारख्या पानांवर साठते, काही पानांतून आत जाते आणि उरलेले टपटपत मुळाशी येते. आणि त्यांची साल! जुन्या झाडाची साल फूटभर जाड, तांबूस, नारळाच्या काथ्यासारखी मऊ. हिच्याच बळावर ती वणव्यातून वाचतात. वर काळी पडलेली, आतून जिवंत, अशी कितीतरी खोडे मी त्या दिवशी पाहिली.

अशी झाडे तिथे सगळीकडे असतील असे मात्र समजू नका. १८४९ साली सोन्याच्या लोभाने तिकडे माणसांची रीघ लागली, गावे वसू लागली, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जुन्या रेडवुडच्या रानापैकी शेकडा पंच्याण्णव टक्के तुटून गेले. उरलेल्या पाचांतले थोडे आम्ही पाहत होतो. यांचीच जी चुलत भावंडे सिएरा पर्वतात आहेत, त्यांतल्या एका महाकाय वृक्षाची साल १८५४ साली शंभर फुटांहून अधिक उंचीपर्यंत सोलून काढली होती. ती तुकड्यातुकड्यांनी जहाजातून नेऊन न्यूयॉर्क आणि लंडनच्या लोकांना तिकीट लावून दाखवली. लंडनला ती १८६६ च्या आगीत जळाली. झाड मेले ते मेलेच. त्याचा सांगाडा अजून उभा आहे म्हणतात.

धबधब्याशी पोहोचल्यावर ताई एका खोडाला टेकून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “बाबांचं झाड आठवतं का रे तुला?”

“कुठलं झाड?”

“हिंगणीकडचं. धबधब्याखालचं. बाबांनी नेलं होतं आपल्याला.”

मला काहीच आठवेना. तिच्या म्हणण्याप्रमाणे १९८५ चा श्रावण होता, ती अकरा वर्षांची होती आणि मी चार. बाबांनी आम्हां दोघांना रानात नेले, तिथे धबधबा होता, आणि धबधब्याखाली एवढे मोठे पांढरे झाड होते की चार माणसांनी हात धरले तरी कवेत येईना. मी हसलो. चारशे फुटी झाडांच्या पायथ्याशी उभे राहून वर्धा जिल्ह्यातल्या झाडाची थोरवी सांगणे म्हणजे जरा अतीच झाले. “ताई, आपल्याकडे रान आहे ते हातभर जाडीच्या सागाचं. तुला स्वप्न पडलं असेल,” मी म्हटले. ती काही बोलली नाही. ताई रागावली की बोलत नाही. हे मला चार वर्षांचा असल्यापासून ठाऊक आहे.

यंदा ती श्रावणात आली. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती, परत गेल्यावर व्हायची होती. पहिल्याच रात्री जेवताना तिने सांगितले, “मला ते झाड पाहायचंय. या वेळी नाही झालं तर पुढचं कोणी सांगावं.” आमच्या सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हटले, झाड नसणार. आणि नसले तर काय करायचे, हा खरा प्रश्न. चाळीस वर्षांत काय काय उभे राहते नि काय काय पडते. सेवाग्रामच्या रस्त्यावरची जुनी झाडे २०२० साली रस्ता रुंद करण्यासाठी पडली, तेव्हा आम्ही गावकरी जागे होईतो पुष्कळशी आडवी झाली होती. भर रस्त्यावरच्या झाडांची ही गत, तर रानातल्याला कोण विचारतो?

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. हिंगणीच्या बाजूच्या एका लहान गावात त्यांनी बरीच वर्षे काढली. आमचे बिऱ्हाड सेलूला होते. त्या गावात त्यांचा एक जुना विद्यार्थी अजून शेती करतो असे कळले. त्याला निरोप धाडला. “या म्हणा,” असे उत्तर आले. गावाचे आणि नाल्याचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही. वाचकहो, राग मानू नका. नाव छापले की पुढल्या श्रावणात तिथे गाण्याचे कर्णे आणि वेफर्सच्या पिशव्या माझ्याआधी पोहोचतील.

सेलू गेले. एके काळी केळीच्या बागांबद्दल नावाजलेला हा भाग. आता दोन्ही अंगांना कापूस, तूर आणि सोयाबीन. हिंगणीच्या पुढे डोंगर उठतात. इथेच बोर नदीवर १९६५ साली धरण झाले, १९७० साली भोवतालच्या रानाचे अभयारण्य झाले आणि २०१४ साली त्याला व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातल्या लहान व्याघ्रप्रकल्पांत याची गणना होते. आत पायी फिरण्याची मुभा नाही आणि पावसाळ्यात तर दारच बंद. आम्हांला जायचे होते ते सीमेबाहेरच्या रानात. पण वाघ काही सीमेचे दगड वाचीत नाही. म्हणून आमच्या वाटाड्याने पहिलीच अट घातली, “चार वाजाच्या आत वापस. अन् बोलत बोलत चालायचं जी. मुक्यानं चालणाऱ्या माणसाचा त्याले बी भेव वाटते.”

वाटाड्या म्हणजे तोच बाबांचा विद्यार्थी. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळा, खांद्यावर दुपट्टा, हातात कुऱ्हाड. मला तो ‘सर’ म्हणे आणि ताईला ‘बाई’. तिच्या गुडघ्यांकडे एकदा पाहून त्याने बांबूची काठी तोडून दिली.

रानात शिरलो आणि माझी निराशा सुरू झाली. मला वाटले होते तसेच ते होते. साग, साग आणि साग. कोणी मांडीएवढा, कोणी मनगटाएवढा. सागाला श्रावणात फुलोरा येतो. पांढुरका बारीक फुलांचा तुरा प्रत्येकाच्या डोक्यावर होता. ते मात्र फार सुंदर दिसत होते. मधून ऐन. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, हे वाटाड्याने सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. मग धावडा, तेंदू, मोह, उतारावर बांबू. वाटेत त्याने सागाचे एक कोवळे पान तोडून ताईच्या हातावर चोळले. तळहात कुंकवासारखा लाल झाला. “हे मला येत होतं,” ताई एकदम म्हणाली. “मी शाळेत असंच करायची नि रक्त आलं म्हणून सांगायची.”

“सगळं रान तरणंच दिसतंय,” मी वाटाड्याला म्हटले. माझ्या बोलण्यात थोडी तक्रार असावी.

तो थांबला. एका सागाच्या बुडाशी कुऱ्हाडीच्या दांड्याने पाचोळा सारला. खाली खुंट होता. परातीएवढा रुंद, काळा, अर्धवट कुजलेला. त्याच्या कडेवरून तीन साग वर गेले होते. “हे पोट्टे हायत सर, पण जड म्हातारी हाय. माह्या आज्यानं पायलेलं झाड असन हे. तोडलं, मंग फुटलं. पुन्हा तोडलं, पुन्हा फुटलं.”

मी त्या खुंटाकडे पाहत राहिलो. रेडवुडही असेच खुंटावरून फुटते, हे मला ताईने त्या दिवशी दाखवले होते; मधला वृक्ष तुटून गेलेला आणि भोवती गोल रिंगणात त्याचीच उंच उंच पोरे. साग आणि रेडवुड यांचे गोत्र एक नाही, पण दोघांच्या वाट्याला एकच काळ आला. आमचा जिल्हा १८६२ साली नागपूरमधून वेगळा काढला गेला. १८६७ साली रेल्वे इथून नागपूरला पोहोचली. रुळांखाली लाकूड लागते, कापसाच्या गिरण्यांना लाकूड लागते, नव्या गावांना तर लागतेच. पुढे मालगुजारीची रानेही होती. १९५१ साली मालगुजारी संपली, तेव्हा जाता जाता रान विकून मोकळे होणारे मालगुजार मध्यप्रांतात कमी नव्हते. जुना, न तुटलेला साग पाहायचा तर आपल्याला गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीला जावे लागते. तिथे सहाएक हेक्टरांचा एक तुकडा वनखात्याने राखून ठेवला आहे आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. बाकी ठिकाणी आहेत ते हे पोट्टे, म्हाताऱ्या मुळांवरचे.

चढ फारसा नव्हता, पण ताईला दर पन्नास पावलांवर थांबावे लागे. तिला थांबायचे आहे असे दिसू नये म्हणून वाटाड्या दर पन्नास पावलांवर काहीतरी दाखवी. हे झाड, ते पाखरू, हा रानडुकराने उकरलेला खड्डा. ही त्याची युक्ती माझ्या ध्यानात फार उशिरा आली.

मग आवाज आला. आधी तो वाऱ्याचा वाटला, पण वारा थांबला तरी तो थांबेना. वाट एकदम खाली उतरली, काळ्या दगडाच्या पायऱ्या लागल्या, हवा गार झाली, आणि समोर पाणी पडताना दिसले.

खोटे कशाला सांगू? धबधबा लहानच. दुमजली घराच्या गच्चीवरून पडावे तेवढे पाणी; आणि तेही श्रावण आहे म्हणून. दिवाळीला तिथे नुसता ओला दगड उरत असेल आणि होळीला तोही नाही. वर्धा जिल्ह्यातले हे पाणी नाल्या-नद्यांतून वर्धेला, वर्धा वैनगंगेला, आणि त्या दोघींची प्राणहिता होऊन गोदावरीला मिळते, एवढे भूगोलाचे ज्ञान मी ताईपुढे उधळले. तिचे लक्ष नव्हते. ती डोहाच्या पलीकडे पाहत होती.

“आहे,” ती म्हणाली.

झाड होते. डोहाच्या काठावर, मुळांनी दगड कवटाळून, पाण्यावर जरासे झुकलेले. चारी बाजूंच्या काळ्या-हिरव्यात त्याचा बुंधा राखी पांढरा, गुळगुळीत, पेरूच्या झाडासारखा. मध्येच सालीचे पातळ पापुद्रे सुटून खालचा फिकट गुलाबी रंग दिसत होता. बुडाशी भिंतीसारख्या उभ्या मुळ्या. “अर्जुन,” वाटाड्या म्हणाला. सादडा, अर्जुनसादडा, अशीही नावे याला आहेत. हे झाड ओढ्यानाल्यांच्या काठीच वाढते आणि काठ धरून ठेवते. त्याचे लाकूड सागासारखे मोलाचे नाही, म्हणूनच की काय, रेल्वे, गिरण्या आणि मालगुजार या तिघांच्याही हातून ते सुटले होते.

आम्ही डोह ओलांडला. म्हणजे वाटाड्याने ताईला हाताला धरून ओलांडवले आणि मी चपला हातात घेऊन घसरत गेलो. ताईने काठी टाकली आणि झाडाला मिठी मारून मला म्हणाली, “धर हात.” मी धरला. वाटाड्यानेही दुसऱ्या बाजूने हात पसरले. तिघांच्या कवेत झाड आले. वर चार बोटे उरलीसुद्धा. मी काही बोललो नाही. “मी लहान होते ना तेव्हा,” ताईच म्हणाली, “हात केवढेसे होते.”

हात सोडताना माझ्या तळव्याला काहीतरी खरखरीत लागले. झाडाच्या डोंगराकडच्या अंगाला, माणसाच्या छातीपासून ते हात पोचेल तिथपर्यंत, साल निराळी होती. जाड, गाठाळ, कडेला ओठ दुमडावेत तशी वळलेली. कधीकाळी तिथली साल काढली असावी आणि झाडाने ती जागा हळूहळू भरून घेतली असावी. असे तीन-चार पट्टे होते. एकाच्या खाली शेंदूर लावलेला एक धोंडा होता.

“हे कोणी केलं?” मी विचारले. मला रेडवुडच्या त्या सोललेल्या चुलतभावाची आठवण झाली होती आणि थोडा रागही आला होता.

वाटाड्याने माझ्याकडे पाहिले, मग ताईकडे.

“तुमाले मालूम नाई जी?” तो म्हणाला. “गुर्जीनंच. म्हंजे कुऱ्हाड माही होती, पण गुर्जी सांगत होते. मायबाईसाठी नेत होते ना साल.”

आमची आई १९९१ साली गेली. तिच्या हृदयाच्या झडपेत दोष होता. दवाखाना चालू होता, गोळ्या चालू होत्या. घरात तिच्या दुखण्याविषयी मोठ्याने कोणी बोलत नसे. जुन्या वैद्यकग्रंथांत हृद्रोगावर अर्जुनाची साल दुधात उकळून द्यायला सांगितली आहे, हे मला आज ठाऊक आहे. त्या वेळी मला एवढेच ठाऊक होते की आई रोज सकाळी गुलाबी दूध पिते आणि आम्हांला ते मिळत नाही. ताईने एकदा चोरून प्यायले होते. तुरट, कडवट, तोंड वाकडे करून ती बाहेर पळाली होती आणि आई हसत सुटली होती. ते हसू मला आठवते. धबधबा आठवत नाही, झाड आठवत नाही, पण पितळी पेल्यातले ते गुलाबी दूध आणि आईचे हसू आठवते.

“सहल नव्हती ती,” ताई म्हणाली. ती खाली एका मुळीवर बसली होती.

वाटाड्या सांगत राहिला. बाबा वर्षातून दोन-तीनदा येत. शाळा सुटली की पिशवी घेऊन चालत निघत. “साल काढतानी गुर्जी मले लय बोलत. म्हणत, एका आंगानंच काढजो, वरवरची काढजो. भोवताल सोलशीन तं झाड मरन. या साली इकून काढली तं पुढल्या साली तिकून. वहीत लिहून ठेवत होते कोन्त्या आंगाची कधी काढली ते.”

बाबांच्या वह्या आमच्याकडे आहेत. त्यांतल्या एकीत ‘उ., द., पू.’ अशी अक्षरे आणि पुढे तारखा आहेत. शाळेच्या खोल्यांच्या दुरुस्तीचा काही हिशोब असेल, असे मी समजत होतो.

“आणि हा शेंदूर?” ताईने विचारले.

वाटाड्या जरासा लाजला. पंधराएक वर्षांपूर्वी बाहेरचे लोक आले, गाडी घेऊन. औषधवाल्यांना साल हवी म्हणून त्यांनी नाल्याच्या खालच्या अंगाचे अर्जुन भोवताल सोलून नेले, खालपासून वरपर्यंत. दोन-तीन वर्षांत ती झाडे वाळली. “मंग म्या हा गोटा ठेवला. शेंदूर लावला. गावात सांगून देल्लं की सपनात आला होता.”

“कोणता देव?” मी विचारले.

“नाव नाई ठेवलं जी अजून.” तो हसला. “पण त्या दिवसापासून कोनी हात नाई लावला. आता तं बाया नारळ फोडतेत.”

आम्ही झाडाखाली बसून पोळी, आलूची भाजी आणि ठेचा खाल्ला. वाटाड्याला गोरसपाक दिला. त्याने एक तुकडा मोडून त्या बिननावाच्या देवापुढे ठेवला आणि उरलेला चहात बुडवून खाल्ला. पाण्याचे तुषार अंगावर येत होते. झाडावर हिरवी, पाच पंखांची फळे धरू लागली होती. ताई मान वर करून ती पाहत होती. याच अर्जुनाच्या पानांवर कोशाचे किडे पोसतात, आमच्या विदर्भातल्या कोशाच्या लुगड्यांचे सूत त्यांचेच, हे मी तिला सांगितले. या खेपेला तिने ऐकले.

तीन वाजून गेले तेव्हा वाटाड्या उठला. ताई उठेना. तो पुन्हा खाली बसला आणि दुपट्ट्याने तोंड पुसून म्हणाला, “एक डाव गुर्जी आले होते, मायबाई गेल्यावर. मले वाटलं सालच पायजे असन. म्या कुऱ्हाड घेऊन मागंमागं आलो. म्हटलं, गुर्जी, कोन्त्या आंगानं काढू? तं म्हणे, नाही रे. बसतो थोडा.”

“किती वेळ बसले?” ताईने विचारले.

“पानी सुरू झालं तवा उठले.”

परतीच्या वाटेवर ताई कमी थांबली. निघताना झाडाखाली आपसूक गळून पडलेला सालीचा एक पापुद्रा तिने उचलला होता. तळहाताएवढा, आतून गुलाबी. पण तिकडच्या विमानतळावर झाडापाल्याची फार कडक तपासणी होते, बी, पान, साल काही चालत नाही. म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. मी तो मोल्सवर्थच्या कोशात ठेवला आहे. ते पुस्तक एवढे जड आहे की आत ठेवलेली वस्तू सरळ राहते.

त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा सौ.ने विचारले, “कसा होता धबधबा?”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो.